बिघाड इथे, इलाज भलतीकडेच

अक्षरं पुसट दिसायला लागली की माणूस आधी कुठे जाईल? डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये. कोणीही तिथेच जाईल. आणि तिथे काय सापडतं? रेझोल्यूशन (स्क्रीनवर किती ठिपके) बरोबर, स्केल (अक्षरं किती पट मोठी दाखवायची) बरोबर, दोन्हींपुढे 'रेकमेंडेड' असा शिक्का मारलेला. म्हणजे संगणकाच्या मते सगळं उत्तम चाललंय, तुम्हीच डोळे तपासून घ्या.

तपासले हो डोळे. नंबर होता तेवढाच आहे. पुसट दिसतंय ते एकटं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि तेही फक्त लॅपटॉपवर. तीच खिडकी ओढून शेजारच्या मॉनिटरवर नेली की लख्ख. ब्राउझर, मेल, वर्ड दोन्हीकडे झकास. आता यात माझ्या डोळ्यांचा काय संबंध, सांगा ना.

कारण समजायला अवघड नाही, फक्त ते सांगायची तसदी कोणी घेत नाही. चौदा इंची लॅपटॉपवर १९२० बाय १०८० ठिपके कोंबलेले असतात, म्हणजे इंचाला साधारण १५७. तेवढेच ठिपके २४ इंची मॉनिटरवर पसरले की इंचाला ९२ च्या आसपास. म्हणून लॅपटॉपचं स्केल दीडशे टक्के आणि मॉनिटरचं शंभर. जुनी सॉफ्टवेअरं मात्र 'इंचाला ९६' हे एकच गणित डोक्यात घेऊन जन्माला आलेली. त्यांना दुसरं काही येत नाही. मग विंडोज काय करतं, तर त्यांना ९६ च्या हिशेबाने आपलं चित्र काढू देतं आणि ते तयार चित्र दीडपट ताणून स्क्रीनवर चिकटवतं. ताणल्यावर अक्षरं विरणार नाहीत तर काय होणार? आणि हे काही कालपरवाचं दुखणं नाही. प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देण्याची सोय विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे.

इलाजही आहे बरं का! त्याचाच तर संताप येतो. त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटीचा टॅब, तिथे खाली 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' नावाचं बटण (डीपीआय म्हणजे तेच, इंचाला ठिपके), ते दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत तळाला एक टिकमार्क, आणि टिकमार्क केल्यावर जी यादी जिवंत होते तिच्यात 'सिस्टिम एन्हान्स्ड'. मग सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. नशीब असेल तर अक्षरं सुधारतील. दिसण्याचा प्रॉब्लेम, आणि त्याचं औषध 'जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेणे' या खात्यात! डिस्प्लेच्या पानावर याबद्दल एक चकार शब्द नाही. तिथे फक्त तो 'रेकमेंडेड' हसत बसलेला.

माझं सगळं भांडण एवढ्यासाठीच आहे. बिघाड होतात, होऊ देत. यंत्र आहे, चालायचंच. पण इलाज कधीच बिघाडाच्या शेजारी का नसतो? जिथे दुखतंय तिथून चार खोल्या पलीकडे, कुलूपबंद कपाटाच्या वरच्या फळीवर नेऊन का ठेवतात तो?

आमच्या मजल्यावरच्या काकांचं प्रकरण घ्या. निवृत्त माणूस, दोन-तीन दुकानांचे हिशेब घरी बसून लिहितात. दिवाळीत मुलगा आला होता, त्याने आपला मॉनिटर काकांच्या लॅपटॉपला लावून दिला, जाताना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अगं, ते हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतच नाहीये."

"काका, खालच्या पट्टीवर त्याचं चित्र दिसतंय का?"

"दिसतंय ना. त्याच्यावर माउस नेला की वर बारकासा फोटोपण येतो. दाबलं की काहीच नाही."

"म्हणजे ते उघडलेलंच आहे. फक्त स्क्रीनच्या बाहेर उघडलंय."

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "बाहेर म्हणजे कुठे?"

आता काय सांगायचं त्यांना! मुलाने नेलेल्या मॉनिटरवर, म्हणून? पण खरंच तसंच असतं. सॉफ्टवेअर बंद होताना आपण कुठे उभे होतो ते लिहून ठेवतं. समजा डावीकडून २४०० व्या ठिपक्यावर. लॅपटॉपची रुंदी १९२०. मॉनिटर गेला तरी ते बिचारं इमानदारीत २४०० वरच जाऊन उभं राहतं. मॉनिटर काढला की उघड्या खिडक्या आत ओढून घेण्याचं काम विंडोज करतं, पण जे सॉफ्टवेअर स्वतःची जागा स्वतः लिहून ठेवतं, ते परत उघडलं की परत आपल्या जुन्या जागी. ऑपरेटिंग सिस्टिमला स्क्रीनची रुंदी पक्की ठाऊक असते. खिडकी तिच्याबाहेर उघडतेय हेही ठाऊक असतं. 'अहो, तुमची खिडकी बाहेर राहिलीय, आत घेऊ का?' एवढं विचारायला काय जातं?

नाही विचारत. त्याऐवजी आपण मंत्र म्हणायचा. आधी ऑल्ट-टॅब करून ती न दिसणारी खिडकी निवडायची. मग ऑल्ट आणि स्पेसबार. एक मेनू उघडतो, तो कधी कडेला दिसतो, कधी तोही बाहेरच. मग एम. मग बाणाचं कुठलंही एक बटण एकदा दाबायचं, कीबोर्ड सोडायचा आणि माउस हलवायचा. खिडकी माउसला चिकटून आत येते. पण ती मोठी करून ठेवलेली असेल तर एम चालतच नाही, आधी आर दाबून लहान करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, त्यांना जे दिसत नव्हतं आणि मलाही दिसत नव्हतं त्याबद्दल. "एम दाबला, काही झालं नाही." "काका, आता बाण." "कुठला बाण?" "कुठलाही." "कुठलाही कसा? नीट सांग." शेवटी चप्पल घालून गेले त्यांच्याकडे.

हा मंत्र स्क्रीनवर कुठेही लिहिलेला नाही. तो एकाने दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. असेच बाकीचेही. स्क्रीन काळी पडली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. चित्र भलत्याच पडद्यावर गेलं तर विंडोज आणि पी. चांगली बटणं आहेत, मी रोज वापरते. पण काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला ती सुचणार कुठून?

बरं, जे धड दिसतंय तेही जागेवर राहू देत नाहीत. टास्कबार, म्हणजे ती खालची पट्टी, घ्या. विंडोज ९५ पासून तो पट्टा उचलून वर, डावीकडे, उजवीकडे कुठेही लावता यायचा. हल्लीचे स्क्रीन आडवे, लांबडे. उंची आधीच कमी, त्यामुळे पट्टा डाव्या कडेला उभा ठेवणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर होतं. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं ते ही सोय काढून टाकूनच. पट्टा तळाला, आयकॉन मधोमध. एक नवा प्रोग्रॅम उघडला की सगळे आयकॉन थोडे सरकणार, म्हणजे हाताला जी सवय लागलेली असते तिच्यावर पाणी. प्रत्येक खिडकीचं नाव पट्ट्यावर वेगळं दाखवायची सोयही गायब झाली होती, ती २०२३ मध्ये परत दिली आणि वर 'नवीन सुविधा' म्हणून मिरवली. आमचंच आम्हाला, तेही गिफ्ट पॅक करून!

राइट क्लिकच्या मेनूचं काय वर्णावं. कट, कॉपी, रिनेम, डिलीट ही रोजची कामं आधी शब्दांत लिहिलेली होती. त्यांची केली चित्रं. बिननावाची, एकसारखी, बारकी. आणि ती ओळ एका जागी नाही. तुम्ही स्क्रीनवर वरच्या भागात क्लिक केलंत तर ती मेनूच्या माथ्यावर, तळाशी केलंत आणि मेनू वर उघडला तर ती तळाला. का, तर म्हणे माउसच्या जवळ पडावी. अहो, जवळ पडण्यापेक्षा जिथे काल होती तिथे आज पडली असती तर बघावंही लागलं नसतं! पुढे २०२४ च्या आवृत्तीत त्या चित्रांखाली नावं आली. म्हणजे तीन वर्षं लोकांनी कात्रीचा आणि कचऱ्याच्या डब्याचा अर्थ लावत काढली. आणि जे खरंच हवं असतं ते अजूनही 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे, तिथे दाबलं की जुना, पूर्ण, शहाणा मेनू निमूट उघडतो. होता ना घरात? मग लपवला कशाला?

डाउनलोड्सच्या फोल्डरवर तर माझा विशेष राग आहे. बाकी सगळे फोल्डर नावाने लागतात, हा एकटा तारखेने गट पाडून बसतो. आज, काल, गेल्या आठवड्यात, बऱ्याच काळापूर्वी. वीजबिल शोधायचंय, नाव माहितीये, तरी ते कुठल्या काळात उतरवलं हे आधी आठवा. वर नावाच्या रकान्यावर क्लिक केलं तरी गट मोडत नाहीत, गटाच्या आतल्या आत अक्षरं लागतात. मोडायचे असतील तर रिकाम्या जागी राइट क्लिक, ग्रुप बाय, नन. आणि फोल्डर गच्च भरलेला असला की रिकामी जागा शोधायची कुठे हाही एक प्रश्नच.

स्क्रोलबारचं थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. बारीक करून करून तो केसाएवढा केला आणि मग लपवला. परत आणायचा तर ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स. पान अजून खाली आहे की संपलं, हे कळण्यासाठी अपंगांच्या सोयींच्या खात्यात अर्ज करायचा.

दोन मॉनिटर असले की माउसही अडतो. एकाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात जाताना भिंत लागावी तसा. कारण सेटिंगमधल्या चित्रात त्या दोन चौकटी एकमेकींच्या बरोबरीने लावलेल्या नसतात, आणि जेवढी कड जुळत नाही तेवढी बंद. टेबलावर दोन्ही एका ओळीत आहेत याचा काही उपयोग नाही. चित्रात ओढून जुळवा. फोर-केचा, म्हणजे चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर जुन्या पोर्टला (वायर खोचायच्या जागेला) लावला आणि माउस अडखळत चालला तर लोक बिचारे माउस बदलतात, आणि घोळ असतो पोर्टात. एचडीएमआय नावाच्या जोडणीच्या १.४ या जुन्या आवृत्तीला फोर-के म्हटलं की सेकंदाला ३० चित्रंच झेपतात, ६० हवी तर २.० लागतं. सेटिंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'च्या आत ३० हा आकडा गुपचूप लिहिलेला असतो. तो कमी आहे, का आहे, काय करायचं, एक अक्षर नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे टीव्ही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद टीव्हीवर दाखवायचा ठरला. लॅपटॉप लावला, पीडीएफ पूर्ण स्क्रीन केली, आणि चारी बाजूंनी बोटभर चित्र कापलेलं. डावीकडचे अनुक्रमांक गेले, तळाची ओळ गेली. ही काचेच्या नळीच्या टीव्हींची जुनी खोड, तेव्हा कडा खराब दिसायच्या म्हणून चित्र जरा मोठं करून कडा फ्रेमखाली घालवायचे. नळी गेली, खोड राहिली. लॅपटॉपला याचा पत्ताच नसतो, त्याच्या मते तो पूर्ण चित्र पाठवतोय. इलाज टीव्हीच्या मेनूत, पिक्चरच्या आत, 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन', प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. त्यासाठी रिमोट हवा. रिमोट वॉचमनच्या केबिनमध्ये, वॉचमन पाण्याच्या टँकरपाशी.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आलाच. "अहो सेक्रेटरी, सगळे आकडे दिसतायत, तेवढी बेरजेची ओळच कशी नाही?"