घोरपड, भाचा आणि अर्धा बांगडा

मी पालीला घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझा उजवा हात एका घोरपडीपुढे पसरलेला आढळेल आणि उगाच कुणाचा गैरसमज नको.

दोष सिनेमाचा. भाचा सुट्टीला डोंबिवलीहून आमच्या देवगडकडच्या घरी आला तो टॅबमध्ये 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' भरूनच. सिनेमा 2010 सालचा, म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठा. लांबी तशी 98 मिनिटंच, पण प्रत्येक सीन मागे नेऊन चारदा बघायचा म्हटल्यावर दुपार पुरत नाही. बर्क नावाचं व्हायकिंगांचं गाव, मेंढ्या पळवणारे ड्रॅगन आणि गावप्रमुखाचा किडकिडीत पोरगा हिकप. हा सगळ्यांत खतरनाक जातीचा ड्रॅगन, टूथलेस, पाडतो खरा, पण मारायची वेळ आल्यावर त्याचा हात चालत नाही. मग त्यालाच मासे खाऊ घालतो, शेपटीचा तुटलेला पंख नवा करून देतो आणि त्याच्या पाठीवर बसून उडतो. मी तीनदा पाहिला. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा भाचा झोपला होता.

आता आमच्याकडे ड्रॅगन नाही, पण परसात गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, आहे आणि गडग्यात घोरपड. शेपटीसकट चारेक फूट, रंग भिजलेल्या चिऱ्यासारखा, दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर. कुणी जवळ गेलं की गळा फुगवून अशी फुसफुसते की वाटावं, कुकरची शिट्टी अडकली. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन हा हिचाच भाऊबंद, दोघांचा वंश एकच, हे मी बोलता बोलता भाच्याला सांगून गेलो. तिथेच माती खाल्ली.

"म्हणजे आपल्याकडे ड्रॅगन आहे! मामा, तू हिकप."

"मी का? तू हो ना."

"मी लहान आहे. मला चावली तर आई ओरडेल."

मला चावली तर कोण ओरडणार, याचा विचार सिनेमातही कुणी केलेला नाही.

घरात तीन मतं पडली. शेजारचे काका म्हणाले, "धरूया, गुडघ्याक त्याल बरा." त्यांना सांगावं लागलं की घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. तेव्हापासून काका गुडघा दाबत गडग्याकडे नुसतं बघतात. आईचा आक्षेप वेगळा. "चिकाटली तर सुटूची नाय. तानाजीक इचार!" भाचा म्हणाला, "म्हणजे तानाजीनेपण ट्रेन केली होती!" आईला उत्तर सुचलं नाही. हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी मासेवालीच्या टोपलीपाशी नवा पेच. आईने वाम निवडली. भाचा किंचाळला, "वाम नको! ड्रॅगन वामीला घाबरतात!" (सिनेमात तसंच आहे, मी साक्षीदार.) मे संपत आलेला, 1 जूनला बोटी बंद व्हायच्या, मासळीचे भाव आधीच माडाच्या शेंड्याला. त्यात घोरपडीची आवडनिवड विचारून बाजार करायचा! बांगडे आले. त्यातला सगळ्यात मोठा ड्रॅगनला काढून ठेवल्यावर आईचा पारा चढला. "शिरा पडो त्या पिक्चरावर! बांगडे काय झाडार लागतत?"

बांगडा गडग्यासमोर ठेवला. घोरपडीने डोकं काढलं, जीभ फिरवली आणि आत गेली. भाच्याने निदान केलं, "तू अर्धा खाल्ला नाहीस. टूथलेस अर्धा मासा परत काढून देतो, मग हिकप खातो. कच्चा." मी तळून खायची तयारी दाखवली. नामंजूर. शेवटी शेपटीकडची बाजू ओठांना लावली आणि दिवसभर लिंबू चोळत बसलो. बांगडा मांजराने नेला. मांजराशी आमची मैत्री आधीपासूनच होती, त्यामुळे तो वायाच गेला.

मग एकच सीन उरला. हिकप तोंड दुसरीकडे फिरवतो, डोळे मिटतो, हात पुढे करतो आणि ड्रॅगन आपणहून नाक त्याच्या तळहाताला टेकवतो. तिसऱ्या खेपेला इथे माझे डोळे का ओले झाले, ते सांगणार नाही. सकाळी आठ वाजता मी गडग्यापासून सहा फुटांवर बसलो. भाच्याने ओढत ओढत तीन फुटांवर आणलं. मान रतांब्याच्या झाडाकडे वळवली, डोळे मिटले, हात पसरला. लुंगीच्या आत दोन्ही गुडघे एकमेकांशी बोलत होते. पाचोळा सळसळला. काहीतरी जवळ आलं. थांबलं.

आणि तळहाताला गार, ओलं काहीतरी टेकलं.

मला ओरडायचं होतं, पण गळ्यातून निघाली ती फुसफुस, अगदी घोरपडीसारखी.

"कालचे वीस रुपये रवलेले," आवाज आला. पुढच्या दाराला कुणी दिसलं नाही म्हणून मासेवाली परसातून आली होती. टोपलीतल्या पाण्याने निथळणारी नाणी माझ्या हातावर होती. ती मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "बरा हा मा झिला? सकाळी सकाळी भीक कित्याक मागतंस?"

भाच्याने गडग्याच्या फटीत वाकून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. तेवढ्यात घराच्या दुसऱ्या अंगाला, खुराड्यात, कोंबडी जीव खाऊन ओरडायला लागली आणि त्यावरून आईचा आवाज.