लवकीचं लग्न

नागपुरात घरी भाजी पिकवायची म्हटली की पहिले तं ऊनच आडवं येते. मार्चमध्ये टमाटरची रोपं आणली, ग्रो बॅग, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड असा सगळा आहेर केला, एप्रिलमध्ये पिवळी फुलं आली, त्यांचे फोटो स्टेटसवर गेले आणि लगेच फुलं गळायला लागली. रोज सकाळी गच्ची झाडायची आणि सुपलीभर फुलं गोळा करायची. वरच्या मजल्यावरचे काका (गावाकडे संत्र्याचा बगीचा आहे, त्यामुळे बिल्डिंगचे कृषी अधिकारी तेच) येऊन म्हणाले, "बाबू, पारा पस्तीसच्या वर गेला की टमाटरचं फूल टिकत नाही, परागच कामातून जाते. इथं चव्वेचाळीस चालू हाय." नवतपा (मे अखेरचे नऊ कडक तापाचे दिवस) लागला तशी मी हिरवी शेडनेट बांधली. बायको म्हणे, आता कूलरपण वरच नेऊन ठेवा, आम्ही राहू कसेतरी.

सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) लावायला सगळ्यात सोपा असं जो तो सांगते. धने चपलीने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. पेरले. कबुतरांना कोरडे धने गिळत नसावेत, कारण भिजवलेले त्यांनी एक शिल्लक ठेवला नाही.

पाऊस पडल्यावर मग लवकी, म्हणजे दुधी भोपळा, लावली. काटोलकडून भावाने काळी माती पोत्यात भरून पाठवली होती, ती ओली असली की चप्पल सोडत नाही आणि वाळली की अशी भेग पडते की आत चमचा उभा राहते. पण वेल जो सुटला, पाण्याच्या टाकीवर, डिशवर, सेक्रेटरीच्या वाळत घातलेल्या चादरीवर. सेक्रेटरी स्लॅब लीक होईल म्हणून दोनदा बोलून गेले, चादरीचं मात्र काही बोलले नाहीत. फुलं ढीगभर, सगळी नर! मादी फुलाच्या मागे इवलीशी लवकी असते, नराच्या मागे नुसता लांब दांडा. यूट्यूबवर उपाय सापडला, थ्रीजी कटिंग. म्हणजे मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग फुटलेल्या फांदीचाही खुडायचा, आणि तिसऱ्या पिढीच्या फांदीवर मादी फुलं जास्त येतात. अख्खा देश फाईव्हजीवर गेला आणि आमची लवकी थ्रीजीवर अडून बसली.

आली शेवटी एक. अंगठ्याएवढी, अंगावर पांढरी लव, पुढे मिटलेली कळी. लवकीचं फूल उमलते संध्याकाळी, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात, म्हणून काका म्हणाले हातानेच लावून देऊ. दिवेलागणीला गच्चीवर ही गर्दी. नवरदेवांना तोटाच नव्हता, तरी आईने त्यातला टवटवीत निवडून घेतला, काकू म्हणे हा नको, तो टाकीजवळचा बरा दिसते. पोट्ट्यांनी मोबाईलचे टॉर्च धरले. मी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि पिवळा पराग हलक्या हाताने मादीच्या मधोमध टेकवला. "हळू बे!" काका ओरडले. आईने हळदकुंकू वाहिलं, कोणीतरी बर्फी वाटली.

आणि धरली ना ती! रोज बोटभर वाढे. येणारा जाणारा वर जाऊन बघून ये, कामवाली बाई सुद्धा. मुलीने तिला स्केचपेनने डोळे काढले. चांगली हातभर झाल्यावर मी सुरी घेऊन वर गेलो तं आई मागेच उभी.

"हिला कापतोस? बियाण्याला ठेवू हिला."

"आई, एवढी एकच आहे."

"म्हणूनच तं."

काकाही तिकडेच फुटले, बियाण्याला पहिलंच फळ ठेवतात म्हणाले. आता ती टणक झाली आहे, वाजवली की लाकडासारखी वाजते. मला मात्र तोवर लवकीची भाजी खायची जाम इच्छा झालेली, म्हणून संध्याकाळी गोकुळपेठ बाजारातून एक घेऊन आलो. काकू जिन्यात भेटल्या, पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अरे वा, घरची काय?"

मी हाव म्हटलं.