पुरेसा मराठी नसलेला आजोबा

काल रात्री ती जाहिरात अखेर लागली, आणि माझ्या जागी बसलेल्या आजोबांनी डोक्यावरची पांढरी टोपी सावरत सुनेने दिलेल्या चहाचा घोट घेतला. माझ्या जागी असे म्हणतो, कारण दोन महिन्यांपूर्वी भाचीच्या आग्रहाला बळी पडून मीही वर्सोव्याच्या आरामनगरात त्या ऑडिशनला गेलो होतो, आणि सदाशिव पेठेत जन्मलेल्या मला ‘मराठी वाटत नाही’ या कारणावरून परत पाठवण्यात आले होते.

निवड करणारा मुलगा पंचविशीचा आणि मूळचा अकोल्याचा होता. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगून आणि दोन्ही गाल दाखवून झाल्यावर त्याने प्रसंग समजावला.

“सर, सूनबाई चहा आणते. तुम्ही घोट घेता, कपाकडे बघता, मग तिच्याकडे बघता आणि तुमचे डोळे पाणावतात.”

“मुलगा कुठे आहे?”

“पेपर वाचतोय.”

“मग चहा त्याने का केला नाही?”

त्याने हातातला कागद उलटून पाहिला. “ते ब्रीफमध्ये नाही, सर.”

“सून नोकरी करते का?”

“करते ना. तिच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग आहे.”

“बॅग खांद्याला अडकवून ती चहा करते?”

“मॉडर्न आहे ती, सर.”

मी रिकाम्या कपातून घोट घेतला आणि डोळे पाणावण्याची शिकस्त केली. तो म्हणाला, “छान, पण मराठी फील येत नाही,” आणि त्याने आतून एक टोपी आणली, जी माझ्या डोक्यावर द्रोणासारखी बसली. आमच्या घरातली शेवटची टोपी आजोबांबरोबरच गेली, हे मी त्याला सांगितले आणि विचारले, “तुझे वडील टोपी घालतात का?”

“नाही, ते जीन्स घालतात. पण ते खरेच मराठी आहेत, सर. आपल्याला दिसणारे पाहिजेत.”

रिक्षाचे एकशेचाळीस रुपये पदरचे घालून मी घरी आलो. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली परीकथांतील घटनांचे ३१ टप्पे मांडले होते. जाहिरातवाल्यांना तीसच सेकंद मिळत असल्यामुळे त्यांनी राक्षस, राजकन्येची अडचण आणि जादूची वस्तू एवढेच ठेवले आहे. राक्षस म्हणजे भिंगाखाली दात विचकणारा जंतू, जादूची वस्तू म्हणजे पुडा, आणि शेवटी प्रसन्न होणारा राजा म्हणजे बहुधा सासू किंवा माझ्यासारखा आयता चहा पिणारा म्हातारा. ऐंशीच्या दशकात जाहिरातकार अलिक पदमसींनी सर्फसाठी उभ्या केलेल्या ललिताजी भाजीवाल्याशी घासाघीस करत आणि महाग पावडर का परवडते याचा हिशेब समोरच्याला ठणकावून सांगत. कुणाचे डोळे पाणावतात का हे पाहायला त्या थांबल्याचे मला आठवत नाही. २०१६ मध्ये एरियलच्या जाहिरातीतल्या वडिलांनी, आपण तिच्या आईला घरकामात कधी हातभार लावला नाही, अशी मुलीला पत्र लिहून माफी मागितली. ती पाहून माझे डोळे खरेच पाणावले होते, तेही टोपीवाचून, पण पश्चात्तापालासुद्धा शेवटी धुण्याची पावडरच लागावी हे काही केल्या पचले नाही.

मला खरा राग येतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. हिंदी जाहिरातीतले घर शर्मांचे किंवा वर्मांचे असते आणि त्यात मराठी बोलणारी व्यक्ती शिरते ती बहुतेकदा भांडी घासायला किंवा हवालदाराच्या गणवेशात. या कामांत कमीपणा मुळीच नाही. पण ज्या शहरात या जाहिराती लिहिल्या जातात, तिथे आमच्यापैकी कुणी सोफ्यावर बसलेले कोणाला दिसतच नसेल का? आणि एकदाचे घर मराठी असायचे ठरले, की त्या सोफ्यावर बसायला टोपी सक्तीची.

काल त्या आजोबांनी चहाचा घोट घेऊन वाक्य टाकले, “सूनबाई, या चहाची गोष्टच काही और आहे!”

मी ओरडलोच. “ही मराठी आहे? मी असतो तर नुसते ‘झकास’ म्हणून मोकळा झालो असतो.”

“म्हणूनच घेतले नाही तुम्हाला,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “आणि आपला चहा कोण करणार आहे?”