नर्स प्रॅक्टिशनरचं लायसन्स आणि टेक्सासमधली ‘ती’ सही

टेक्सासमधलं एल पासो आणि न्यू मेक्सिकोतलं लास क्रूसेस यांच्यात गाडीने जेमतेम पाऊण तास. लास क्रूसेसमध्ये नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेतलेली नर्स) स्वतःचं क्लिनिक टाकते, निदान करते, औषध लिहून देते. डॉक्टरची सही लागत नाही. तीच बाई, तेच शिक्षण, तीच परीक्षा. पण एल पासोत बसली की बीपीची गोळी लिहून द्यायलाही डॉक्टरशी लेखी करार हवा. आणि गंमत म्हणजे साध्या आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) कॉम्पॅक्ट, म्हणजे अनेक राज्यांना मान्य असलेलं मल्टिस्टेट लायसन्स या दोन्ही राज्यांत बिनदिक्कत चालतं. शिक्षण वाढलं की लायसन्सचे पाय बांधले जातात, असा हा उफराटा प्रकार.

इथेच अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच नर्स फसतात. मल्टिस्टेट लायसन्स आहे म्हणून एनपी झाल्यावरही कुठेही काम करता येईल, असं त्या धरून चालतात. तसं नाही. एनपी ही एपीआरएन, म्हणजे प्रगत शिक्षण घेतलेल्या नर्सच्या गटात मोडते, आणि एपीआरएनचं लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं. टेलिहेल्थमध्ये तर पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, तुम्ही कुठून व्हिडिओवर आलात याला महत्त्व नाही. नियंत्रित औषधांसाठीची डीईएची (केंद्रीय अंमली पदार्थ विभागाची) नोंदणीही राज्यागणिक वेगळी.

एपीआरएनमध्ये चौघी येतात: नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, नर्स ॲनेस्थेटिस्ट आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. एनपीचा रस्ता असा: आरएन, मग मान्यताप्राप्त मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट), मग राष्ट्रीय सर्टिफिकेशनची परीक्षा, मग राज्याच्या बोर्डाचं लायसन्स, प्रिस्क्रिप्शनचा अधिकार, एनपीआय (बिलिंगसाठीचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक. त्यानंतर विमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग (कागदपत्रं तपासून यादीत घेणं), ज्यात दोन-तीन महिने सहज जातात.

खरी मेख आहे ‘पॉप्युलेशन फोकस’मध्ये, म्हणजे कोणत्या गटाच्या पेशंटना तपासायचं यात. प्रवेश घेतानाच तो ठरतो आणि पुढचं लायसन्स त्यालाच चिकटतं. बहुतेक जणी फॅमिली एनपी (एफएनपी) घेतात, कारण नोकऱ्या जास्त. पण तो अभ्यासक्रम प्राथमिक आरोग्यसेवेचा. आयसीयूत दहा वर्षं काढलेली आरएन एफएनपी झाली आणि हॉस्पिटलने तिला पुन्हा आयसीयूतच, आता एनपी म्हणून उभं केलं, तर आरएन असतानाचा अनुभव तिच्या कामी येत नाही. व्हेंटिलेटरवरचा अस्थिर पेशंट हे ॲक्यूट केअरचं (गंभीर पेशंटच्या उपचारांचं) शिक्षण घेतलेल्या एनपीचं काम. उद्या तक्रार झाली तर बोर्ड नेमकं हेच विचारतं, आणि उत्तर हॉस्पिटलने नाही, तिनेच द्यायचं असतं. फोकस बदलायचा तर पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आणि नवी परीक्षा.

आता त्या कराराकडे. डॉक्टर संघटनांचा आक्षेप आहे की एनपीचं प्रशिक्षण कमी पडतं. त्यात तथ्य आहे. क्लिनिकल तासांची किमान अट बरीच वर्षं ५०० होती, २०२२ च्या मानकांत ती ७५० झाली. डॉक्टरच्या रेसिडेन्सीचे तास हजारोंनी मोजतात. शिवाय अनेक ऑनलाइन कॉलेजं प्रिसेप्टरही (प्रत्यक्ष पेशंटवर काम शिकवणारा मार्गदर्शक) विद्यार्थिनीलाच शोधायला लावतात, ही तर माझ्या मते लाजिरवाणी गोष्ट आहे. पण मग तास वाढवा ना! न्यूयॉर्कने ३,६०० तासांनंतर लेखी कराराची अट काढली, कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने आधी तीन वर्षांचा किंवा ४,६०० तासांचा अनुभव मागितला. हे समजण्यासारखं आहे. टेक्सासमध्ये मात्र वीस वर्षं काम केलेल्या एनपीलाही करार सुटत नाही. महिन्याला बैठक, काही केसपेपरांची तपासणी, आणि खासगी क्लिनिक असेल तर बहुधा डॉक्टरला दरमहा फी. पेशंटला त्या डॉक्टरचं तोंडही दिसत नाही. डॉक्टर निवृत्त झाला, वारला किंवा त्याने करार मोडला, की दुसरी सही मिळेपर्यंत प्रिस्क्रिप्शन बंद. मग डायबिटीसचे पेशंट कुठे जातात?

बिलिंगमध्येही तीच कथा. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. डॉक्टरच्या नावाने ‘इन्सिडेंट टू’ (डॉक्टरच्या उपचारांचाच भाग म्हणून) बिल लावलं तर १०० टक्के, पण त्यासाठी उपचार आधी डॉक्टरने सुरू केलेले हवेत. नवा पेशंट किंवा नवी तक्रार चालत नाही. क्लिनिकला ते १५ टक्के दिसतात आणि नियम वाकवले जातात. वर एनपीने केलेलं काम नोंदीत डॉक्टरच्या नावावर जातं.

भारतातून येणाऱ्यांसाठी: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केला असला तरी इथे एनक्लेक्सनंतर (नर्सच्या लायसन्सच्या परीक्षेनंतर) आरएनच होता येतं. एपीआरएनच्या सर्टिफिकेशनला अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेचीच पदवी लागते.

टेक्सासमधली ऑफर हातात असेल तर पगाराआधी हे लेखी घ्या: करार करणारा डॉक्टर कोण, त्याची फी कोण भरणार, आणि तो गेला तर पर्यायी डॉक्टर म्हणून करारात कोणाचं नाव आहे.