माटोळी कुठं टांगायची ते नंतर बघू

वाडवडिलांचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर अजून उभं असेल तर आधी ते पाडायचं बघा हो, लोक काय म्हणतील. दीड-दोन फूट जाड भिंती, आत मे महिन्यातसुद्धा गार, म्हणजे एसी घ्यायला कारणच उरत नाही, आणि घरात एसी नाही म्हटल्यावर मुलाचं लग्न जमायचं कसं! शिवाय चिरा गावठी. खाणीतनं काढताना मऊ, मग वारा लागेल तसा कडक होत जाणारा. 1800 च्या सुमारास बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं केरळात लोक हा दगड विटेसारखा कापून वापरतात हे बघितलं आणि 1807 साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेवरनं त्याला लॅटराइट नाव दिलं. तेव्हा तुम्हीही चिरा म्हणू नका, लॅटराइट म्हणा, रेट वाढतो. भिंत पाडायची, तिथं ब्लॉकची सहा इंची उभी करायची आणि वरनं इंचभर जाडीच्या लॅटराइटच्या चकत्या चिकटवायच्या. क्लॅडिंग म्हणतात त्याला. पाहुण्यांना लांबून दाखवा, खिळा मारू देऊ नका.

कौलंही काढा. 1860 च्या दशकात बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगळुरात फॅक्टरी काढली आणि तेव्हापासून आमच्या कितीतरी पिढ्या दर मे महिन्यात छपरावर चढून कौलं परतत बसल्या, काय मिळालं? गळलं तर एक कौल बदललं, संपलं. त्यात थ्रिल नाही. स्लॅब घाला. गोव्यात शंभरावर इंच पाऊस, सपाट स्लॅबवर तो मुक्कामालाच येतो, चार वर्षांत बेडरूममध्ये ओल, मग वॉटरप्रूफिंग, मग परत ओल, मग शेवटी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे. फोंड्याहून पणजीला जाताना बसच्या खिडकीतनं बघा, पत्र्यांची हीच टोपी घातलेली घरं दिसतील. रंग मात्र लाल घ्या, कौलासारखा दिसतो.

सागवानी दरवाजा भंगारवाल्याला द्या, घासाघीस करू नका. पुढं कधीतरी आसगावच्या एखाद्या कॅफेत त्याच्यावर काच टाकून टेबल केलेलं असेल, तिथं बसून कॉफी प्या. शिंपल्यांच्या खिडक्या जाऊन स्लायडिंग. वॉर्डरोब प्लायचा, जुलैत त्यातल्या शर्टांवर बुरशी येते, पण सॉफ्ट-क्लोज आहे ना, आवाज नाही होत.

आणि पीओपीचं सीलिंग सोडू नका, आत निळी लाईट. आमच्या जुन्या घरात देवखोलीच्या वाशांना माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळांच्या चौकटीसाठी, कड्या होत्या. चवथीला तिला नारळांच्या पेंडी, सुपारीचे घड, केळ्यांचा घड, तोरिंगं, रानातली सगळी फळं, वजन काय विचारू नका, वासा हूं की चूं करायचा नाही. नवीन घरात पीओपीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, झुंबरापुरतं धरेल, नारळ नको." वर स्लॅबला ड्रिल मारायचं तर वॉटरप्रूफिंगवाला गॅरंटी काढून घेतो म्हणाला, खालून मारायचंय हे त्याला कितीदा सांगितलं. मग काय, कपडे वाळत घालायचा स्टीलचा मोठा स्टँड बाल्कनीतनं आत आणला, त्याला माटोळी बांधली, गणपती खाली बसवला, निळी लाईट लावली.

गावाहून आते आली, उंबरठ्यावर, म्हणजे उंबरठा असायचा तिथं उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"काय रे, पाऊस म्हणून आत सुकत घातलीय?"