"ट्रीटमेंट चालू असेल तर बीपीची गोळी बंद करा" म्हणे

काकांनी परवा फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेलच. थोडक्यात त्याचं म्हणणं असं की कॅन्सर म्हणा, किडनी म्हणा, कुठलीही मोठी ट्रीटमेंट चालू असेल तर बीपीची गोळी ताबडतोब बंद करायची, कारण आजारात वाढलेलं बीपी म्हणजे शरीर लढत असल्याची खूण, 120/80 हा आकडा औषध कंपन्यांनी काढलाय, गोळीच्या कागदावरच साइड इफेक्टची ही मोठी यादी असते, गोळीने किडनी जाते आणि एकदा सवय लागली की मरेपर्यंत सुटत नाही. खाली "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला". कोणते डॉक्टर ते काही लिहिलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण आईच्या लिम्फोमाच्या (हा एक प्रकारचा कॅन्सर) ट्रीटमेंटमध्ये किमोच्या सहाच्या सहा सायकल तिच्याशेजारी बसलेय, आणि त्या काळात रोज दोनदा बीपी मोजून लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे. मेसेज साफ खोटा असता तर मी सोडूनही दिला असता, पण त्यात एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि माझा सगळा राग त्या अर्ध्यावरच आहे.

तर आधी तेच. आईला रिटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधाची सलाइन असायची त्या दिवशी डॉक्टर स्वतःच सांगायचे, आज सकाळची बीपीची गोळी नको. ते औषध शिरेतून जाताना, पहिल्या वेळेला तर जास्तच, बीपी धाडकन खाली येऊ शकतं, त्यात गोळीचा असर अंगात असेल तर बघायलाच नको, म्हणून आधीचे 12 तास गोळी थांबवायचा विचार करतात. दुसऱ्या सायकलनंतर तिला उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणीसुद्धा पोटात टिकेना, तेव्हाही डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की टेल्मिसार्टन (तिची एक बीपीची गोळी) थांबवा, नीट खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की परत चालू करा. म्हणजे आजारपणात बीपीची गोळी थांबवतात हे खरंच आहे. फक्त कोणती गोळी, कशासाठी, किती तास आणि परत कधी सुरू करायची, हे चारही प्रश्न मेसेजने खाऊन टाकलेत आणि उरलं काय तर "बंद करा".

आता ते "शरीर लढतंय" प्रकरण. आईच्या वहीत बघितलं तर दर 21 दिवसांनी पाच दिवस आकडे चढलेले दिसतात, 160, 168, एकदा 174, आणि मग हळूहळू खाली. ते पाच दिवस म्हणजे प्रेडनिसोलोनचे, रोज 100 मिलिग्रॅम. स्टेरॉइडमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्याही जास्त आवळतात, त्यामुळे बीपी वाढतं, यात लढाई-बिढाई काही नाही, तो सरळ त्या औषधाचा साइड इफेक्ट आहे. आणि अशी औषधं भरपूर आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन, ट्रान्सप्लांटनंतरचं सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, किडनीच्या पेशंटना देतात ते एरिथ्रोपोएटिन, कॅन्सरमधलं बेव्हासिझुमॅब, सुनिटिनिब. या शेवटच्या दोघांमध्ये बीपी वाढणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर पहिल्यापासूनच लक्ष ठेवून असतात, आणि बीपीची गोळी देतात ती कॅन्सरचं औषध कमी करायची किंवा थांबवायची वेळ येऊ नये म्हणूनच. आईला डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषधही होतं, ते हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतं आणि ज्यांचं बीपी जास्त त्यांना तो धोका जास्त. म्हणजे मेसेज ऐकला असता तर तिच्या हृदयावर दोन्हीकडून मार बसला असता.

आणि गंमत बघा, शरीर जेव्हा खरंच जिवाच्या आकांताने लढत असतं, म्हणजे इन्फेक्शन रक्तात पसरून सेप्सिस होतो तेव्हा, बीपी वाढत नाही, पडतं! तसं पडलं तर बीपीच्या गोळ्या डॉक्टर एका मिनिटात थांबवतात, त्यांना फॉरवर्डची गरज नसते.

असाच मेसेज 2020 मध्ये कोविडच्या वेळीही फिरला होता, आठवतंय का? टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल घेणाऱ्यांना कोविड जास्त लागतो वगैरे, आणि ती शंका तेव्हा अगदीच हवेतली नव्हती, कारण व्हायरस पेशींवरच्या ज्या एसीई-2 रिसेप्टरला चिकटतो त्याचा या औषधांशी संबंध आहे. म्हणून ब्राझीलमध्ये हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या 659 पेशंटवर सरळ ट्रायल घेतली, निम्म्यांची गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. 30 दिवसांनी दोन्हीकडे फरक काहीच नाही. शंका घेण्यात वाईट काही नाही, ती तपासून घेतली की झालं, पण तपासायच्या आधी ज्यांनी घाबरून गोळ्या टाकून दिल्या त्यांचं काय.

120/80 चा मुद्दा. इथे मला काकांशी थोडं सहमत व्हावं लागेल, कारण आकड्यावरून डॉक्टरांमध्येच वाद आहेत. 2017 मध्ये अमेरिकेतल्या गाइडलाइनने हाय बीपीची रेघ 140/90 वरून 130/80 वर आणली आणि एका रात्रीत लाखो लोक "पेशंट" झाले, युरोपने 2018 मध्ये मात्र 140/90 च ठेवली. पण आकडा कंपन्यांनी हवेतून काढला म्हणणं म्हणजे इतिहासच पुसणं आहे. एके काळी डॉक्टर खरंच म्हणायचे की वय वाढलं की बीपी वाढणारच, शरीराला त्याची गरज असते, म्हणजे आजचा हा मेसेजच, फक्त 80 वर्षं जुना. अमेरिकेचे प्रेसिडेंट रूझवेल्ट यांचं बीपी 1944 मध्ये 186/108 होतं, देण्यासारखं धड औषधच तेव्हा नव्हतं, आणि 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा 300/190 मोजलं होतं. पुढे 1967 मध्ये खालचं बीपी 115 ते 129 असलेल्या 143 माणसांवर तिथल्याच माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी ट्रायल केली, खोटी गोळी मिळालेल्यांमध्ये 27 जणांना गंभीर त्रास झाला, खऱ्या गोळीवाल्यांमध्ये दोघांना. तिथून आकडा हळूहळू खाली येत गेला. 2015 ची स्प्रिंट ट्रायल 9361 लोकांची, वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली आणलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर वगैरे मिळून साधारण एक चतुर्थांशाने कमी झाले. पण त्याच ट्रायलमध्ये बीपी फार पडणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, किडनीला अचानक इजा होणं, हे सगळं वाढलंही. म्हणून तर किमो चालू असलेल्या, वजन उतरलेल्या बाईला 120 च्या मागे लागायचं नाही असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं. त्यांचं म्हणणं होतं 140 च्या आत ठेवू आणि उभं राहिल्यावर चक्कर यायला नको. मला ते पटलं.

साइड इफेक्टची यादी. अहो, ती यादी मीही वाचलीय, रात्री दोन वाजता, मोबाइलच्या टॉर्चमध्ये. वाचून घाम फुटतो. पण युरोपियन पद्धतीच्या कागदावर प्रत्येक त्रासापुढे जे शब्द असतात त्यांना ठरलेला अर्थ असतो हे मला खूप उशिरा कळलं: "फार कॉमन" म्हणजे 10 पैकी एकाला किंवा जास्त, "कॉमन" म्हणजे 100 मध्ये एक ते दहा, "अनकॉमन" म्हणजे 1000 मध्ये एक ते दहा, "रेअर" म्हणजे 10,000 मध्ये एक ते दहा, आणि "फार रेअर" त्याच्याही खाली. मेसेजवाल्याने पायाची सूज आणि लाखात एखाद्याला होणारं काहीतरी एकाच ओळीत कोंबलंय. आणि दुसऱ्या बाजूचा कागद कुणी छापत नाही, की गोळी नाही घेतली तर काय काय होऊ शकतं.

मनाचा भागही असतो. 2020 ची एक ट्रायल आहे, बीपीच्या नाही, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीवरची, पण इथे लागू पडते. साइड इफेक्टमुळे गोळी सोडून दिलेले 60 जण घेतले, काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला त्याच्या 90 टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला! याचा अर्थ लोक नाटक करत होते असा नाही, त्रास खराच होत होता, तो गोळीतल्या औषधामुळे होता का हा प्रश्न.

तरी सगळं मनाचंच म्हणून पेशंटला उडवून लावणारे डॉक्टरही मला भेटलेत, त्यांचाही राग येतो. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो तो खराच, गोळी बदलून टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटातली दिली की बहुतेकांचा जातो. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात तेही खरं, डोस वाढला की सूज वाढते. आईचं ॲम्लोडिपिन स्टेरॉइडच्या दिवसांमुळे 5 मिलिग्रॅमवरून 10 केलं आणि पंधरा दिवसांत पाय टम्म. घरात सगळ्यांचं एकच, गेली किडनी! डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, एका पायातच जास्त आहे का ते बघितलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं, ते नॉर्मल. या गोळीने बारीक धमन्या सैल होतात आणि पाणी बाहेर पाझरून पावलांशी साठतं, किडनीचा त्यात संबंध नाही, आणि म्हणूनच लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी उतरतही नाही. परत 5 वर आणलं, टेल्मिसार्टन 40 चं 80 केलं, सूज उतरली.

किडनीचं मग खरं काय? तर वर्षानुवर्षं वाढलेलं बीपीच किडनी खातं, डायबेटिसच्या खालोखाल तेच मोठं कारण मानलं जातं, आणि लघवीतून प्रोटीन जात असेल तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलच्या गटातली गोळी किडनी वाचवायलाच देतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं, 30 टक्क्यांपर्यंत चढलं तरी डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवतात, कारण किडनीच्या गाळणीतला दाब कमी झाल्याची ती खूण असते. अडचण होते ती अंगातलं पाणी कमी झाल्यावर, तेव्हा गाळणीला तेवढा दाबही उरत नाही, म्हणून त्या उलट्या-जुलाबाच्या दिवसांत थांबवायचं. या गटातली गोळी, वर लघवीची गोळी, आणि त्यावर अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेलं आयबुप्रोफेन, या तिघांनी मिळून किडनी अचानक बसू शकते, आणि यातलं तिसरं औषध आपण डॉक्टरांना सांगतच नाही, "ती काय, साधी पेनकिलर". अँटिबायोटिकचंही तसंच, क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ॲम्लोडिपिन रक्तात साठून बीपी पडू शकतं, को-ट्रायमॉक्सॅझोल टेल्मिसार्टनसोबत घेतलं तर पोटॅशियम चढू शकतं. मेसेजला किडनीची एवढी काळजी असती तर यातलं एखादं तरी नाव त्यात आलं असतं की नाही?

राहिलं "सवय". व्यसन लागावं तशी सवय या गोळ्यांची लागत नाही. हां, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन एकदम तोडलं तर बीपी उसळतं, हृदयाचा आजार असेल तर छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणून ती हळूहळू कमी करत बंद करायची असतात. म्हणजे "ताबडतोब बंद करा" हा सल्ला नेमका ज्या गोळ्यांना सगळ्यात घातक, त्यांनाही मेसेजने तोच दिलाय. आणि सुटत नाही म्हणाल तर वजन कमी झालं, मीठ कमी केलं, बीपी वाढवणारं औषध संपलं की डोस कमी होतो, काहींची गोळी सुटतेही. आईची शेवटची सायकल संपली, स्टेरॉइड गेलं, महिनाभर वहीत 118, 114, 110 असे आकडे यायला लागले, एकदा उठताना भिंत धरावी लागली. वही दाखवली, ॲम्लोडिपिन बंद झालं, टेल्मिसार्टन परत 40 वर. काकांना त्या पानाचा फोटो पाठवलाय, निळी टिक आलीय, उत्तर अजून नाही.