तांबडीचं शिक्षण

भीमथडी जातीची घोडी घेतली म्हटल्यावर आमच्या वस्तीवर जो तो मला इतिहास सांगायला लागला. 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्यात ही तट्टं होती. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं जनावर. अंगानं लहान, पोटाला थोडं, पायानं चिवट. सगळं खरं. परवापरवा तर स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही झाली. फक्त माझी घोडी अटकेचं राहू द्या, नीरा डाव्या कालव्याच्या चारीवरची मोरी, म्हणजे एवढासा पूल, ओलांडायला तयार नव्हती.

तांबडी मी एका मेंढपाळ तात्यांकडून घेतली. दावं हातात देताना ते म्हणाले, "पाव्हणं, घोडी लई गुणाची हाय. तिला काय शिकवायचं राह्यलंच न्हाय." विकणारा माणूस दुसरं काय बोलणार? मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवायला सुरुवात केली.

जाणकार सांगतात, आधी जमिनीवरचा अभ्यास, मग स्वारी. याला ग्राउंडवर्क म्हणतात. लांबून बघणाऱ्याला त्यात एक माणूस आणि एक घोडी मोकळ्या अंगणात विनाकारण उभी दिसतात. आत मात्र शास्त्र आहे. घोडीच्या तोंडावरच्या मोहरकीच्या दोराला हलका ताण द्यायचा, तसाच धरून ठेवायचा, आणि घोडीनं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सोडायचा. घोडा ओढण्यानं शिकत नाही, सोडण्यानं शिकतो. मी ताण दिला. तांबडीनं तो मान्य केला. तिनं मान लांबवली, खालचा ओठ लोंबता सोडला, एक मागचा पाय दुमडला आणि डोळे अर्धे मिटले. दोर ताणलेला, मी तिरका, घोडी झोपलेली. एवढ्यात दूध घालायला निघालेले शेजारचे काका गाडी बंद करून थांबले. "काय, जागची हलंना व्हय?" त्यांनी घोडीचे भोवरे तपासले, कपाळावरचा एक पसंत केला, मानेखालच्या एकाबद्दल तोंड वाकडं केलं आणि मला मिरचीची धुरी द्यायला सांगितलं. मला की घोडीला, ते सांगितलं नाही.

तेवढ्यात ही वाळवणाचे कपडे घेऊन अंगणात आली. म्हणाली, "अहो, मधे काय उभे राहिलात? द्या ती दोरी." दोरी घेतली आणि चालायला लागली. घोडी डोळे उघडून तिच्या मागे! ही वाळवणाच्या दोरीशी थांबली, घोडी थांबली. ही वळली, घोडी वळली. काका म्हणाले, "वयनींचा हात हलका हाय." हाताचा त्यात काही संबंध नव्हता. धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तांडा, हलतो तेव्हा बापे मेंढरं घेऊन रानारानानं जातात आणि घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाया रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जातात. तांबडीच्या उभ्या आयुष्यात तिच्या दोरीच्या पुढच्या टोकाला लुगडं होतं. विजार नव्हती.

पण हे मला तेव्हा कुठे सुचत होतं? मी धडा दोन काढला : भीती घालवणे. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. त्याला बुजवणाऱ्या वस्तू हळूहळू दाखवून निर्ढावायचं असतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. डाव्या डोळ्यानं पाहिलेली छत्री परतताना उजव्या डोळ्याला दिसली की ती नवीन छत्री असते, असा घोडेवाल्यांचा अनुभव. मी काठीला खताची पिशवी बांधून तिच्याभोवती फडफडवली. तांबडीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. जिच्या पाठीवर पालं, पत्र्याची पेटी, घागरी, डालग्यातल्या कोंबड्या आणि वर बांधलेलं रडकं पोर एवढा संसार घाटानं उतरलाय, तिच्यापुढे मी पिशवी हलवत होतो. कुत्रं मात्र घाबरून दोन दिवस गोठ्यात आलं नाही.

मग स्वारी. इथे जनावरांच्या डॉक्टरांनी अडवलं. घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर भार नको, खोगिरासकट. घोडी काट्यावर कशी चढवायची? तर छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीनं गुणायचा आणि 11,880 नं भागायचा. किलोत वजन येतं. घेर 155, लांबी 145. उत्तर आलं 293. पाचवा हिस्सा साठच्या आत. खोगीर वजा जाता मला चोपन्न किलोत बसायचं होतं, आणि मी कसाबसा बसलो. ज्या हाडांवरून लग्नात सासरच्यांनी नाकं मुरडली होती, त्यांचं चीज झालं. दिवाळी तोंडावर होती. हिनं फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवले आणि म्हणाली, "घोडीसाठी हो."

खोगीर घालताना तांबडी पोट फुगवायची. तंग आवळला की मी समाधानानं रिकिबीत पाय घालायचो, मग ती श्वास सोडायची आणि खोगिरासकट मी हळूहळू तिच्या पोटाखाली जायचो. शेवटी तिला चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायची युक्ती सापडली, आणि अंगणातलं आमचं काम बघण्यासारखं झालं. उजवीकडे, डावीकडे, मागे, थांब. दुडकी चालसुद्धा. मुलीनं व्हिडिओ काढला, नातेवाइकांत फिरवला. एका मामेभावानं तर पोराच्या वरातीसाठी तारीखही कळवली.

घोडं अडलं ते फाटकाबाहेर. अंगणात शिकलेलं घोडा अंगणातच जमा करून ठेवतो. दुसऱ्या जागी सगळी उजळणी पहिल्यापासून. मोरीच्या अलीकडे ती उभी राहायची ती राहायचीच. एकटीनं जायची तिला सवयच नव्हती. पुढे घोडी नाही, मागे घोडी नाही, मग हा माणूस मला नेतोय कुठे? उतरून दोर धरून मोरी ओलांडली, तर पलीकडे दुसरी अडचण. ऊन चढायला लागलं आणि पडीक रान दिसलं, की तांबडी आपसूक रस्ता सोडायची, रानाच्या मधोमध जाऊन थांबायची आणि वाट बघायची. कशाची, ते मला बरेच दिवस कळलं नाही. ओझं उतरवायची! मुक्कामाची जागा आली होती, आणि पाठीवरचं बिऱ्हाड खाली उतरायचं नाव घेत नव्हतं. शेतमालक बांधावरून विचारायचे, "मोजणीचं काय हाय का?"

दिवाळी झाली आणि कोकणात निघालेले वाडे रस्त्याला लागले. त्या सकाळी मी मोरीशी अडून होतो. मागून घुंगरं वाजली. सहा-सात लादलेल्या घोड्या, चार बाया, दोन कुत्री, एक डालगं. तांबडीचे कान उभे राहिले. मी लगाम खेचला, टाच दिली, घरी शिकवलेलं "थांब" स्पष्ट उच्चारात म्हटलं. तांबडी शेवटच्या घोडीच्या शेपटीमागे आपली जागा धरून चालायला लागली. मोरी कधी मागे पडली कळलंसुद्धा नाही. ती चाल काय सांगू! एकसारखी, मोकळी, ना ओढ ना अडणं. सबंध पावसाळाभर मी तिला हेच मागत होतो.

शेवटची म्हातारी मागे वळली. घोडीकडे बघितलं, मग खोगिराकडे, मग माझ्याकडे.

"कुठवर निघाला, दादा?"

"मावशी, ते हिला विचारा."

म्हातारी हसली नाही. खाली वाकून तिनं लंगडणारं एक कोकरू उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "रिकामीच चाललीया घोडी. धरा याला, पडू दिऊ नका."

कोकरू चार किलोंचं तरी होतं. पाचव्या हिश्श्याचा हिशेब तिथेच मोडला, पण डॉक्टरांना कळवायला हात मोकळा नव्हता. खिशात फोन वाजत होता. ही असणार, चिवड्याचा डबा खाली काढू का, म्हणून विचारत असेल.